जयंतीनंतरची संध्याकाळ

पौषाची थंडी अंगावर घेत बारा जानेवारीच्या पहाटे सिंदखेडराजाच्या वाटा माणसांनी भरून वाहू लागतात. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यातल्या जन्मस्थानी माथा टेकवायला साऱ्या महाराष्ट्रातून माणसे येतात, आया लेकरांना कडेवर घेऊन येतात आणि १५९८ साली या मातीत जन्मलेल्या एका मुलीचे ऋण पुन्हा एकदा मनोमन मान्य करतात. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीने सुरू झालेला दशरात्रोत्सव बारा तारखेला जिजाऊंच्या जयंतीने पूर्ण होतो. एकीने शाळा उघडली, दुसरीने घरालाच शाळा केले. आणि या दहा दिवसांत शाळाशाळांतून नऊवारी नेसलेल्या चिमुकल्या दोघींच्याही तोंडचे बोल बोलतात. वर्षाच्या आरंभी येणारे हे दिवस आपल्याला दरवर्षी नव्याने विचारतात, की लेकरांच्या शिक्षणाचा भार आपण नेमका कोणावर टाकून मोकळे झालो आहोत?

या दोन नावांच्या सोबतीला आपल्या घरचे तिसरे नाव घ्यायला हवे. ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. त्यांच्या लहानपणी या भागात मुलींची शाळा नव्हती. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या बापूजी हरी शिंदे यांनी आपल्या लेकीला घरीच मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे तिचे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि आज ते जगभर अभ्यासले जाते. आपण त्या पुस्तकाचा अभिमान बाळगतो, पण कचेरीतून घरी आल्यावर लेकीला अक्षरे शिकवणाऱ्या बापाची आठवण क्वचितच काढतो. ती काढणे अगत्याचे आहे. कारण जिजाऊंचा जयजयकार करता करता मुलांच्या संस्काराची आणि अभ्यासाची सारी जबाबदारी आईच्या पदरात टाकण्याची सवय आपल्याला सहज जडते. दिवसभर वेचणी करून आलेली माय चुलीपुढे बसते, तेव्हा लेकराची वही बघायला बापाचे हातही मोकळे असतातच की.

जानेवारी हा शाळेच्या दृष्टीने नाजूक महिना. दुसरे सत्र सुरू झालेले, परीक्षा पुढे उभी आणि शिवारात कापसाच्या उरल्यासुरल्या बोंडांची वेचणी, तुरीची सोंगणी. अशा वेळी धाकट्याला सांभाळायला म्हणून थोरली मुलगी घरी राहते, आणि बुडालेला एकेक दिवस पुढे भागाकाराच्या गणितात आडवा येतो. गरजेने मजुरीला जाणाऱ्या मायबापांना यासाठी बोल लावणे सोपे आहे, न्याय्य नाही. शेतमालकाने लेकरू मजुरीला घ्यायचे नाही असे ठरवले, अंगणवाडीची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळली, शेजारच्या आजीने चार घरांतल्या तान्ह्यांवर लक्ष ठेवले, तर थोरली शाळेत जाईल. हे गुरुजींच्या एकट्याच्या आवाक्यातले काम नाही; ते गावाचे आहे.

कायद्यानेही हे ओळखले आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या जागा स्त्रियांना. म्हणजे गावशाळेच्या कारभारात मायबापांचा शब्द चालावा, अशीच ही रचना आहे. तरीही बैठकीचे रजिस्टर सहीसाठी घरपोच फिरते आणि बैठक मात्र भरत नाही, असे चित्र अनेक गावांत दिसते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. याउलट २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ अभियानात पहिलीत येणाऱ्या मुलांच्या मातांचे गट गावोगावी उभे राहिले. स्वतः फारशी न शिकलेली माय डाळीचे दाणे मोजायला लावून, घरातल्या वस्तूंची नावे विचारून लेकराची तयारी करून घेऊ शकते, हा विश्वास त्या गटांनी दिला. तो जपण्याचे काम आपले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून एक पाऊल टाकले. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतला टीव्ही आणि मोबाईल बंद होतो. मुले अभ्यासाला बसतात. हे आपोआप घडले नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, मोठ्यांना समजावत राहिले. पडदा आधी मोठ्यांनी मिटला, म्हणून लेकरांनी पुस्तक उघडले. वऱ्हाडातल्या गावांना हे अवघड का वाटावे? काकड्यासाठी पहाटे जागणारी, सप्ताहाच्या पंगतीसाठी घरटी शिधा जमवणारी आपली गावे. देवळावरचा भोंगाही आपल्याकडे आहेच.

बारा जानेवारीनंतर चौदाच दिवसांनी प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा येते. रस्ते, नाल्या, घरकुले यांच्या जोडीने यंदा तिच्या विषयपत्रिकेवर शाळा असू द्या. समितीची बैठक मजुरीहून परतण्याच्या वेळेनंतर ठेवावी, वेचणीच्या दिवसांत एकही मुलगी घरी राहू नये आणि गावाने संध्याकाळचा एक तास अभ्यासाला द्यावा, एवढे तीन ठराव त्या सभेत मांडा. सभेला मायांनी यावे, आणि बापांनीही.