आधी मुदत विचारा

औषधाची बाटली घेताना आपण मुदत पाहतो. संगणक घेताना पाहत नाही. मीही पाहिली नव्हती. आमच्या वाचनालयाचा संगणक ठणठणीत चालत असताना दुकानदार म्हणाला, "साहेब, यातली प्रणाली जुनी झाली, नवाच घ्या." म्हणजे वर्गणीदारांच्या पुस्तकांचे पैसे यंत्रावर घालायचे!

विंडोज १० ही प्रणाली २०१५ साली आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार संपला. त्या दिवशी संगणक बंद पडले नाहीत. घर उभेच असते. नव्याने सापडणारी भगदाडे बुजवायला गवंडी मात्र येईनासा होतो. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले, ते अशाच न बुजवलेल्या भगदाडातून.

मग आम्ही पर्याय शोधला. उबुंटू ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिची दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षे सांभाळली जाते. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने मिळतात. नव्याची हौस असणाऱ्याने खुशाल मधली घ्यावी. वाचनालयाला हवे स्थैर्य. मराठी टंकलेखन आणि छपाईयंत्र चालते, एवढी खात्री करून आम्ही २०२४ ची दीर्घ आवृत्ती बसवली.

शाळा, पतपेढ्या, ग्रामपंचायती यांनीही खरेदीआधी एवढे विचारावे : ही प्रणाली कधीपर्यंत सांभाळणार? आमच्या दप्तरात मी '२०२९' लिहून ठेवले आहे. पुढच्या कार्यकारिणीला निदान अचानक धावाधाव नको.