आंबा फक्त उबेने पिकतो का?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, आढीतला आंबा कसा पिकतो असं मुलांना विचारा. उत्तर ठरलेलं असतं, "पेंढ्याच्या उबेने." आपणही मान डोलावतो आणि पुढे जातो. माझं म्हणणं, इथे थांबू नका. उबेची मदत होतेच, पण पिकायचा निरोप देतो तो इथिलीन वायू, आणि तो फळ स्वतःच तयार करतं. इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सफरचंदांच्या बाबतीत हे सिद्ध केलं.

इथिलीन हे वनस्पतीचं संप्रेरक. पेशीतली काही प्रथिनं डीएनएवर बसून जनुकं चालू करतात. एरवी पेशी ही प्रथिनं बनता बनताच मोडून टाकते. इथिलीन आला की हे मोडणं थांबतं, प्रथिनं साठतात आणि जनुकं जागी होतात. पेक्टिन तोडणारी विकरं बनू लागतात, म्हणून आंबा मऊ पडतो. पिष्टाची साखर होते, रंग चढतो. आणि गंमत बघा, जाग्या होणाऱ्या जनुकांत इथिलीन बनवणारी जनुकंही असतात! म्हणून तर आढीतला एक पिकला की शेजारचे भराभर पिकतात. १९९१ मध्ये अमेरिकेत टोमॅटोमधलं असंच एक जनुक दाबून ठेवलं, तर टोमॅटो लाल झालेच नाहीत. बाहेरून इथिलीन दिल्यावर मात्र ते पिकले. पाड न लागलेली कोवळी कैरी आढीत नुसती सुरकुतते, कारण ती अजून या निरोपाला तयार नसते.

हे कळलं नाही की पालक "गॅसने पिकवलेलं" म्हटल्याबरोबर घाबरतात. कॅल्शियम कार्बाइडवर आपल्याकडे बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यातून ॲसिटिलीन निघतो, शिवाय त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीनची गोष्ट वेगळी. रायपनिंग चेंबरमध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वापरायला २०१६ पासून परवानगी आहे, कारण तो फळाचाच निरोप आहे. दोन्हींना एकच "केमिकल" म्हणून मुलांसमोर नावं ठेवणं मला पटत नाही.

वर्गात करून बघा. दोन कागदी पिशव्यांत सारखेच कच्चे चिकू ठेवा, एकीत एक पिकलेलं केळं टाका. ऊब दोन्हीकडे सारखीच. रोज मुलांनाच दाबून बघू द्या, हळूच हं! द्राक्षं मात्र घेऊ नका, ती वेलीवरून तोडल्यावर पिकत नाहीत.