'गुण आला' हा पुरावा केव्हा ठरतो?

'मला गुण आला ना, मग औषध खरंच!' हा युक्तिवाद घरोघरी ऐकू येतो. त्याला चक्क तत्त्वज्ञानाचा आधारही दाखवला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रुजलेला फलप्रामाण्यवाद सांगतो, की कल्पनेची पारख तिच्या प्रत्यक्ष परिणामांवरून करावी. अनुभवाच्या कसोटीला उतरते ते सत्य. मग गुण आल्यावर आणखी पुरावा कशाला हवा?

या विचाराचे मोठे प्रवक्ते विल्यम जेम्स हे हार्वर्डचे वैद्यकीय पदवीधर होते. १८९८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात वैद्यकीय परवान्याचे विधेयक आले. मनाच्या बळावर रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्यांवर त्यामुळे बंदी आली असती. जेम्स यांनी समितीपुढे जाऊन त्याला विरोध केला. या उपचारकांच्या हाती येणारे अनुभव डॉक्टरांनी अभ्यासावेत, कायद्याने त्यांची वाट बंद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचे म्हणणे निम्मे बरोबर होते. अनुभव न तपासता झटकणे अशास्त्रीयच आहे. पण अनुभव म्हणजे फक्त बरे झालेल्यांचा नव्हे. जे दगावले ते आपली हकीकत सांगायला येत नाहीत. शिवाय कितीतरी दुखणी आपोआप ओसरतात आणि श्रेय शेवटच्या औषधाला मिळते.

जेम्स यांनी ज्यांना या विचाराचे जनक मानले, त्या चार्ल्स पर्स यांची भूमिका अधिक कडक होती. कोणा एकाला काय वाटते यावर वास्तव अवलंबून नसते. अनेकांनी दीर्घकाळ शोध घेतल्यावर जे मत टिकेल, ते सत्य, असे ते मानत. १८८० च्या दशकात जोसेफ जॅस्ट्रो यांच्याबरोबर त्यांनी वजनांतील सूक्ष्म फरक ओळखण्याचा प्रयोग केला. क्रम पत्ते पिसून ठरवला, म्हणजे अंदाज किंवा अपेक्षा मध्ये येऊ नये. आजच्या औषध चाचण्यांत रुग्णांची विभागणी दैवावर सोडली जाते, त्यामागचे तत्त्व हेच.

हा कडकपणा किती आवश्यक आहे, हे 'कास्ट' चाचणीने दाखवले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित पडणे धोक्याचे, म्हणून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे दिली जात. ठोके सुधारलेले आलेखात दिसत. डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत 'गुण' येत होता. मात्र चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, तर औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. १९८९ मध्ये या दोन औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. परिणाम हीच कसोटी होती, पण तोवर चुकीचा परिणाम मोजला जात होता.

म्हणून 'गुण आला' हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये, पण तिथे थांबूही नये. किती जणांनी औषध घेतले, न घेणाऱ्यांचे काय झाले, किती काळ पाहिले आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कोणी ठेवली, हे विचारायला हवे. काढा असो, महागडे इंजेक्शन असो वा समाजमाध्यमांवर फिरणारा उपाय, प्रश्न तेच. ज्याच्याकडे त्यांची उत्तरे नाहीत, त्याच्या शब्दावर चालू असलेले औषध बंद करणे धोक्याचे आहे.