एका रोगाचे नामांतर

व्यापारी पेढीचे नाव बदलले की बँकेत ठराव, अर्ज, नव्या नमुना सह्या असे सारे सोपस्कार होतात, आणि तरीही जुन्या नावाचे धनादेश पुढे कित्येक महिने येतच राहतात. मग शतकानुशतके रूढ असलेले रोगाचे नाव बदलणे किती अवघड असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. २०२२ साली अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा अभ्यास करणाऱ्या निरनिराळ्या देशांतील संस्थांनी मिळून हे धाडस केले. ‘डायबेटिस इन्सिपिडस’ हे जुने नाव सोडून द्यावे आणि त्याऐवजी ‘व्हॅसोप्रेसिनची न्यूनता’ व ‘व्हॅसोप्रेसिनला प्रतिरोध’ अशा अर्थाची दोन नवी नावे वापरावीत, अशी शिफारस त्यांनी केली. वरवर पाहता हा पंडितांचा शब्दच्छल वाटेल. परंतु जुन्या नावाने रुग्णांचे घात झालेले आहेत, म्हणून या वेळी हा विषय घेतला आहे.

आपल्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो तो जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचा सगळा रक्तात परत जमा होतो. या प्रचंड उलाढालीतील अखेरचे काही लिटर राखायचे की सोडायचे, याचा निर्णय व्हॅसोप्रेसिन नावाच्या संप्रेरकाच्या हाती असतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तेथे ते तयार होते. त्याखाली लोंबणाऱ्या पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागात ते साठवले जाते. रक्तातील क्षारांची तीव्रता शेकडा एक-दोनने वाढली तरी मेंदूतील विशिष्ट पेशींना ते उमगते. व्हॅसोप्रेसिन रक्तात सुटते, मूत्रपिंडातील नलिका पाणी परत शोषून घेतात आणि त्याच सुमारास तहानही लागते. खर्चाला लगाम घालायचा आणि आवक वाढवण्याची सूचना द्यायची, ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. केंब्रिजचे अर्नेस्ट व्हर्नी यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून मेंदूतील या संवेदकांचे अस्तित्व १९४७ साली मांडले. नऊ अमिनो आम्लांच्या या छोट्याशा रेणूची रचना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विन्सेंट द्यू विन्यो यांनी उलगडली. १९५५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते या आणि ऑक्सिटोसिन या भावंड-संप्रेरकावरील कामाशी निगडित संशोधनासाठी. पेशीच्या आवरणातून पाणी नेमके कोणत्या दाराने ये-जा करते, हे कोडे मात्र पीटर ॲग्री यांच्या १९९२ च्या सुमाराच्या कामातून सुटले. त्यांनाही २००३ साली नोबेल मिळाले.

ही व्यवस्था दोन ठिकाणी बिघडू शकते. पीयूषिकेजवळची शस्त्रक्रिया, गाठ, डोक्याला झालेली दुखापत किंवा शरीराच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला यांमुळे व्हॅसोप्रेसिन पुरेसे बनत नाही. अथवा ते पुरेसे असते, पण मूत्रपिंड त्याचे ऐकत नाही. हा दुसरा प्रकार काही घराण्यांत आनुवंशिक असतो. त्यातील बहुतेक कुटुंबांत दोष आईकडून येतो आणि त्रास प्रामुख्याने मुलग्यांना होतो. मोठेपणी तो होण्याचे सर्वांत परिचित कारण म्हणजे मानसिक विकारासाठी दीर्घकाळ घेतलेले लिथियम. दोन्ही प्रकारांत लघवी पाण्यासारखी पातळ होते. विकार तीव्र असेल तर दिवसाला दहा लिटर, क्वचित त्याहूनही अधिक. रुग्ण रात्रीतून अनेकदा उठतो, उशाशी तांब्या नव्हे तर कळशी घेऊन झोपतो म्हणा ना. रक्तातील साखर मात्र अगदी ठीक असते.

येथेच नावाचा घोळ सुरू होतो. ‘डायबेटिस’ हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ पलीकडे वाहून जाणे. भरपूर लघवी होणाऱ्या साऱ्यांनाच तो लावला जाई. सतराव्या शतकात लंडनच्या टॉमस विलिस यांनी अशा रुग्णांच्या लघवीच्या गोडीकडे युरोपचे लक्ष वेधले आणि १७९४ साली योहान पेटर फ्रांक यांनी गोड व बेचव अशा दोन व्याधी वेगळ्या केल्या. ‘इन्सिपिडस’ म्हणजे बेचव. आपल्याकडील आयुर्वेदाने ‘मधुमेह’ आणि ‘उदकमेह’ हे दोन शब्द पूर्वीच वेगळे ठेवले होते. अर्थात, प्राचीनांचा उदकमेह म्हणजे आजचा हाच विकार, असे म्हणण्याचा उत्साह मी दाखवणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण वर्गवारी करताना त्यांना भेदाची जाण होती एवढे खरे. आज मात्र आपल्या घरांतून डायबेटिस म्हणजे साखर, दुसरा अर्थच उरलेला नाही. आणि ही स्थिती केवळ घरांची नाही, रुग्णालयांचीही आहे.

२००९ साली लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात २२ वर्षांचा तरुण खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला. मेंदूतील गाठीवरील उपचारांनंतर त्याला व्हॅसोप्रेसिनची न्यूनता जडली होती आणि रोजच्या औषधावर त्याचे उत्तम चालले होते. रुग्णालयात ते औषध त्याला मिळाले नाही. तहानेने व्याकूळ झालेल्या त्या मुलाच्या अस्वस्थतेचा अर्थ आडदांडपणा असा लावला गेला. त्याने खाटेवरून पोलिसांना दूरध्वनी करून पाणी मागितले. तरीही तो वाचला नाही. पाणी मुबलक असलेल्या शहरात, परिचारिकांनी भरलेल्या कक्षात एक तरुण शरीरातील पाणी संपून गेला. २०१२ च्या न्यायालयीन चौकशीत निष्काळजीपणाचा ठपका ठेवण्यात आला. पुढे हजाराहून अधिक रुग्णांच्या पाहणीत शंभरातील सुमारे ऐंशी जणांनी सांगितले की, आपला विकार म्हणजे साखरेचा आजार, असा समज वैद्यकीय कर्मचाऱ्यांनीच करून घेतल्याचा अनुभव आपल्याला आला आहे. अशा रुग्णाची दर दोन तासांनी साखर तपासली जाते, ती उत्तम येते आणि सर्वांचे समाधान होते. नोंद चोख, पण भलत्याच खात्यात! नाव बदलण्याला बहुसंख्य रुग्णांचा पाठिंबा होता, यात नवल ते काय?

निदानाच्या पद्धतीतही या काळात मोठा फरक पडला. पूर्वी रुग्णाला अनेक तास पाण्यावाचून ठेवून लघवी घट्ट होते का हे पाहत. आधीच तहानलेल्याला तहानलेलाच ठेवणारी ही परीक्षा किती कठोर असेल! शिवाय तिचा निष्कर्षही पुष्कळदा संदिग्ध. व्हॅसोप्रेसिन रक्तात थेट मोजावे तर ते काही मिनिटांतच विरते. तोडगा निघाला तो कोपेप्टिन या त्याच्या सोबत्यामुळे. दोन्ही एकाच मूळ रेणूतून, समान संख्येने सुटतात. पण कोपेप्टिन टिकाऊ असल्याने प्रयोगशाळेत सहज मोजता येते. बाझेल येथील संशोधकांच्या पुढाकाराने झालेला व २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास १५६ रुग्णांचा होता. शिरेतून तीव्र क्षारद्रव देऊन कोपेप्टिन मोजल्यावर ९६.५ टक्के निदाने बरोबर ठरली. पाणी तोडण्याच्या जुन्या परीक्षेत हे प्रमाण ७६.६ टक्के होते. क्षारद्रवाचा त्रास टाळण्यासाठी आर्जिनिन देऊन पाहण्यात आले, पण २०२३ च्या तुलनेत ते बरेच मागे पडले.

आता नाण्याची दुसरी बाजू. व्हॅसोप्रेसिन गरज नसताना पाझरत राहिले तर? १९५७ साली अमेरिकेत श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे असे दोन रुग्ण वर्णिले. न्यूमोनिया, क्षयरोग, मेंदूचे आजार, फिटांवरील व नैराश्यावरील काही औषधे यांमुळेही हे घडते. शरीर पाणी सोडतच नाही आणि रक्तातील सोडियम १३५ च्या खाली घसरते. घरातील वयोवृद्ध असंबद्ध बोलू लागतात, त्यांना मळमळते, तोल जातो, क्वचित झटका येतो. डॉक्टर म्हणतात, ‘सोडियम कमी झाले आहे’, आणि घरचे लोक वरणात मीठ वाढवतात, लिंबूपाणी पाजू लागतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यातील चूक चटकन कळावी. सोडियमचा आकडा हे गुणोत्तर आहे. अंश घटला तरी ते घसरते आणि छेद फुगला तरी घसरते. येथे मीठ हरवलेले नसते, पाणी साचलेले असते. म्हणून बहुधा पाण्यावरच मर्यादा घालावी लागते. अन्य कारणांनी सोडियम उतरले असेल तर उपाय वेगळा, तेव्हा हा निर्णय घरात घेण्याचा नव्हे. फार दिवस खाली राहिलेला आकडा घाईने वर आणला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, हेही तज्ज्ञ डॉक्टर जाणतात.

आपल्या कुटुंबांत पाणी हा व्रताचाही विषय आहे, म्हणून दोन शब्द. निरोगी माणूस चउविहाराची रात्र सहज काढतो, कारण व्हॅसोप्रेसिन लघवी घट्ट करून पाणी राखते. दिवसाला आठ लिटर लघवी होणाऱ्या रुग्णाने औषधाविना बारा तास पाणी वर्ज्य केले, तर तेवढ्यात त्याच्या शरीरातील सुमारे चार लिटर पाणी जाईल. ही तपश्चर्या नव्हे, धोका आहे. उलट डेस्मोप्रेसिन हे औषध घेणाऱ्याने अठ्ठाईत केवळ उकळलेल्या पाण्यावर राहून ते वरचेवर प्यायले, तर सोडियम उतरण्याची भीती असते. अन्नातून येणारे क्षार व प्रथिनांचे अवशेष पाणी बाहेर नेण्यास हातभार लावतात आणि उपवासात तेच तुटलेले असतात. पच्चक्खाणात आगार असतात हे या वाचकांना सांगणे नको. डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना दोघांनाही आजार आधी सांगावा.

डेस्मोप्रेसिन हे १९६७ साली प्राग येथे तयार झालेले व्हॅसोप्रेसिनचे सुधारित रूप आजही न्यूनतेच्या रुग्णांचा मुख्य आधार आहे. गोळी किंवा नाकातील फवाऱ्याच्या रूपाने ते मिळते. काही काळ नवे नाव लिहून पुढे कंसात जुने नावही द्यावे, असे नामांतर सुचवणाऱ्यांनीच म्हटले आहे. तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या फाईलच्या पहिल्या पानावर दोन्ही नावे लिहून घ्यावीत आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत हेही: हा साखरेचा आजार नाही, औषधाची एकही मात्रा चुकवू नये, पिण्याचे पाणी सतत हाताशी ठेवावे, शिरेतून द्रव देण्यापूर्वी सोडियम तपासावे. शस्त्रक्रियेसाठी दाखल होताना ते पान भूलतज्ज्ञांना स्वतः दाखवावे आणि औषध आपल्या पिशवीत न्यावे. प्रत्येक रुग्णालयाच्या औषधालयात ते असेलच असे नाही.