यंत्र आले, मास्तर कोठे आहेत?

जून महिना आला की शाळांच्या दारांवर फलक झळकू लागतात. पूर्वी त्यांवर शालान्त परीक्षेत चमकलेल्या मुलामुलींची नावे असत. आता त्या नावांच्या जोडीला, कित्येकदा त्यांच्याही वर, ‘आमचे सर्व वर्ग डिजिटल’ अशी ग्वाही असते. भिंतीवरचा काळा फळा काढून तेथे बोटाच्या स्पर्शाने चालणारा पडदा बसविला म्हणजे शाळा एका शतकातून दुसऱ्या शतकात गेली, अशी संस्थाचालकांची, नगरसेवकांची आणि पुष्कळशा पालकांचीही समजूत झालेली दिसते. ह्या पडद्याच्या नावाने खासगी शाळा शुल्क वाढवितात, नगरपालिका निविदा काढतात, पुढारी फीत कापतात. परंतु ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्याला ह्यामुळे गणित अधिक चांगले येऊ लागले काय, विज्ञानातील कार्यकारणभाव त्याला अधिक कळू लागला काय, हे विचारण्याचे कोणास सुचत नाही. ते आज विचारले पाहिजे, कारण पैसा लोकांचा आहे आणि वर्षे मुलांची आहेत.

वर्गात यंत्र आणण्याचा उत्साह काही आजचा नव्हे. चित्रपट आल्यामुळे शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील, असे भाकीत थॉमस एडिसन ह्यांनी १९१३ साली केले होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली, पुस्तके आहेत तेथेच आहेत. आपल्याकडे १९६१ साली दिल्लीच्या शाळांत दूरचित्रवाणीवरून पाठ सुरू झाले. १९७५-७६ साली अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविले गेले, आणि तो प्रयोग त्या काळी खरोखरच थोर होता. १९८४ मध्ये शाळांत संगणक आणणारी केंद्र सरकारची ‘क्लास’ योजना आली. २००४ नंतर माध्यमिक शाळांसाठी आणखी एक योजना आली. तीत कंत्राटदाराने पाच वर्षे संगणक व शिक्षक पुरवावयाचे आणि मग यंत्रे शाळेच्या हवाली करून निघून जावयाचे, अशी रीत होती. कंत्राटदाराबरोबर संगणक शिकविणाराही गेला. मागे राहिली ती यंत्रे आणि त्यांवरची प्लास्टिकची आच्छादने. प्रत्येक खेपेस यंत्र नवे होते आणि आश्वासन जुनेच होते.

ज्या देशांनी आपल्या आधी हा खर्च केला, त्यांचा अनुभव काय सांगतो? ह्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने लंडनच्या माध्यमिक शाळांत असेच संवादी फळे मोठ्या प्रमाणावर बसविले आणि त्यांची तपासणी लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनकडे सोपविली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने सांगितले, की गणित, विज्ञान व इंग्रजी ह्या विषयांतील विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर पहिल्या वर्षात फळ्याचा परिणाम आढळला नाही. उलट मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांत एकेका मुलाने फळ्यापाशी जाऊन बोट लावावे आणि इतरांनी पाहत बसावे, ह्यात तासाची गतीच मंदावल्याचे परीक्षकांस दिसले. कोस्टा रिका ह्या मध्य अमेरिकेतील देशाने सातवीच्या भूमितीसाठी नवा अभ्यासक्रम आखला. काही शाळांना त्याच्यासोबत संवादी फळा दिला, काहींना संगणककक्ष, काहींना मुलागणिक एकेक लॅपटॉप. जुन्याच पद्धतीने शिकलेल्या वर्गांहून ह्या सर्व गटांतील मुले कमी शिकली, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळते! आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनेही २०१५ साली अनेक देशांचे आकडे ताडून पाहिले. ज्या देशांनी शाळांतील संगणकांवर मोठी गुंतवणूक केली होती, तेथे वाचन, गणित वा विज्ञान ह्यांत म्हणण्यासारखी सुधारणा तिला दिसली नाही.

तेव्हा संगणक उचला आणि अडगळीच्या खोलीत टाका, असे म्हणणारा एक वर्ग आता निर्माण झाला आहे. तो स्वीडनचे नाव मोठ्या आवेशाने घेतो. स्वीडनच्या सरकारने २०२३ साली छापील पाठ्यपुस्तकांसाठी मोठी रक्कम दिली हे खरे आहे, परंतु त्याचा अर्थ त्या देशाने शाळांतून संगणक हाकलून दिले असा होत नाही. यंत्राची आंधळी भक्ती जितकी त्याज्य, तितकाच त्याचा आंधळा द्वेषही त्याज्य होय. कारण यंत्राने मुलांचे खरोखर भले केल्याचा पुरावाही आहे, आणि तो परदेशातला नसून आपल्याच राजधानीतला आहे.

दिल्लीच्या सरकारी शाळांतील मुलांसाठी २०१५ साली शाळेबाहेरील केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ नावाच्या संगणकीय कार्यक्रमाचा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहांद्रो गॅनिमियन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा घेतली. ६१९ मुलांतून सोडत काढून काहींना प्रवेश दिला, काहींना दिला नाही, आणि मग दोहोंची तुलना केली. प्रयोग सुरू होण्यापूर्वी जे दिसले तेच मुळी अस्वस्थ करणारे होते. सहावीतील सरासरी मूल गणितात आपल्या इयत्तेच्या अडीच इयत्ता मागे होते, आणि नववीत जाईपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेले होते. म्हणजे नववीच्या बाकावर बसलेला मुलगा वस्तुतः पाचवीच्या आसपास होता, आणि त्याच्यासमोर रोज नववीचे बीजगणित उलगडले जात होते. ह्या कार्यक्रमाने एवढेच केले, की प्रत्येक मूल कोठे अडले आहे ते चाचणीने शोधले आणि त्याला तेथून पुढे नेले. पंचेचाळीस मिनिटे संगणकावर आणि पंचेचाळीस मिनिटे लहान गटात शिक्षकाजवळ, आठवड्याचे सहा दिवस. साडेचार महिन्यांत ह्या मुलांनी गणितात ठळक प्रगती केली आणि हिंदीतही ती बरीच पुढे सरकली.

ज्यांनी हातात खडू घेऊन काही वर्षे काढली आहेत, त्यांना ह्यात नवल वाटू नये. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पाठ सुरू असता मागच्या बाकांवरील कोणाला आपले बोलणे पोहोचत नाही, हे शिक्षकाला डोळ्यांवरून कळते. परंतु प्रत्येकासाठी थांबावे तर अभ्यासक्रम संपत नाही आणि न थांबावे तर मूल सुटते. आम्ही स्वतः ह्या पेचात उभे राहिलो आहोत. हा पेच सोडविण्यास यंत्र मदत करीत असेल तर त्याचे स्वागत दोन्ही हातांनी केले पाहिजे.

मात्र त्या प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष आपल्या गुणपत्रिकाप्रेमी समाजाने नीट वाचावा. ज्या मुलांनी गणितात एवढी मजल मारली, त्यांच्या शाळेच्या परीक्षेतील गणिताच्या गुणांत विशेष फरक पडला नाही. कारण उघड आहे. तीन इयत्ता मागे असलेले मूल एक-दोन पायऱ्या चढले तरी परीक्षा त्याला वरच्या मजल्यावरचाच प्रश्न विचारते. मुलाचे शिकणे आणि मुलाचे गुण ह्या दोन गोष्टी आपण एकच धरून चाललो आहोत. ज्या वर्षी आपल्या राज्यातील मुले मुख्यतः भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून शिकली, त्या २०२१ सालच्या दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला! त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती, हे सांगितल्याखेरीज तो आकडा कोणी वापरू नये. पुढे २०२३ साली ‘असर’च्या पाहणीने देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाच्या मुलांकडे पाहिले, तेव्हा सुमारे चौथा हिस्सा मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा मातृभाषेत वा प्रादेशिक भाषेत सफाईने वाचता येत नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जेमतेम ४३ टक्क्यांना जमत होते. त्याच मुलांच्या घरोघरी स्मार्टफोन होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी आठवड्याभरात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के निघाले. शहरातील चित्र ह्याहून फार निराळे असेल, असे मानून आपण निर्धास्त राहू नये.

ह्या फोनाचाच वर्गातील वावर घ्या. इंग्लंडमधील चार शहरांतील शाळांनी फोनवर बंदी घातल्यानंतर सोळा वर्षांच्या मुलांच्या परीक्षेतील गुण वाढल्याचे २०१५ साली दाखविण्यात आले, आणि ही वाढ प्रामुख्याने मागे पडलेल्या मुलांची होती. हुशार मुलांना बंदीने काही फरक पडला नाही. स्वीडनमध्ये केलेल्या अशाच तपासणीत असा परिणाम दिसला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि २०२२ च्या ‘पिसा’ परीक्षेत, शेजारच्या मुलांच्या यंत्रांमुळे गणिताच्या तासाला ज्यांचे लक्ष विचलित होते त्यांचे गुण इतरांपेक्षा सरासरी पंधराने कमी भरले. म्हणजे चाळा एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचे!

आता मुद्द्याची गोष्ट. अहमदाबादेत ‘ग्यानशाला’ संस्थेच्या शाळांत संगणकावर गणित शिकविण्याचा एक प्रयोग झाला. मुले दुसरी-तिसरीची होती, म्हणून तो निष्कर्ष माध्यमिक शाळांना जसाच्या तसा लावता येणार नाही; परंतु त्याचा अर्थ मोलाचा आहे. जेथे शिक्षकाच्या तासातून वेळ काढून मुलांना संगणकावर बसविले, तेथे मुले मागे पडली. जेथे शाळा सुटल्यावर अधिकचा वेळ म्हणून तोच कार्यक्रम दिला, तेथे मुले पुढे गेली. संस्था तीच, यंत्र तेच, पाठही तेच. चांगल्या शिकवणीच्या जागी यंत्र बसविले की तोटा, आणि शिकवणीला जोड दिली की लाभ.

महाराष्ट्राने हे विशेष ध्यानात घेण्याचे कारण आहे. २०१२ साली राज्यात शिक्षकभरती थांबली आणि पुढे कित्येक वर्षे रखडली. ‘पवित्र’ संकेतस्थळाद्वारे ती पुन्हा सुरू झाली, तरी गेलेल्या वर्षांची भरपाई काही झाली नाही. ह्याच काळात वर्गांत पडदे मात्र येत राहिले. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅब दिले. २०१८ साली आठवीची पुस्तके बदलली, आणि पुस्तके बदलली की टॅबच्या पोटातील मजकूरही बदलावा लागतो, ह्याची तरतूद निविदेत क्वचितच असते. विजेचे बिल थकले म्हणून शाळेचा पुरवठा तोडल्याच्या वार्ता आपण वाचतोच. ह्या साऱ्याहून घातक गोष्ट अशी, की ज्या तासाला शिक्षकच नाही त्या बदली तासाला पडदा लावून दिला की वर्ग शांत राहतो, आणि शांत वर्ग पाहून अधिकाऱ्यांना पद रिकामे असल्याची आठवण राहत नाही. शिक्षकाचे वेतन दरमहा द्यावे लागते, पडदा एकदाच घ्यावा लागतो. हा हिशेब तिजोरीला सोयीचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी ह्यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा सर्वांना आठवला तो त्यांनी पुस्तकांत घातलेला क्यूआर कोड. पण त्या पुस्तकांचा मजकूर आधी त्यांनी मुलांच्या कन्नड मातृभाषेत आणला होता, ह्याचा उल्लेख फार थोड्यांनी केला. कोड छापणे सोपे होते, म्हणून ते सर्वत्र झाले. मुलाला काय कळत नाही हे ओळखणारा शिक्षक छापता येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. कोणत्याही महापालिकेने, जिल्हा परिषदेने वा संस्थेने माध्यमिक वर्गासाठी यंत्र खरेदी करण्यापूर्वी तीन आकडे जाहीर करावेत: त्या शाळेत गणित, विज्ञान व इंग्रजी शिक्षकांची किती पदे रिकामी आहेत, यंत्राच्या दुरुस्तीसाठी व विजेसाठी दरसाल किती रक्कम राखून ठेवली आहे, आणि आठवीत आलेल्या मुलांपैकी किती जणांना भागाकार येतो. वर्षाअखेरीस तिसरा आकडा पुन्हा मोजून शाळेच्या दाराशी लावावा. फलकावर ‘सर्व वर्ग डिजिटल’ ह्या ओळीखाली त्याला पुरेशी जागा असते.