आधी घरपट्टी, मग दाखला? कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मार्च आला की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आधी घरपट्टी भरा, मग दाखला." पोराचा जन्मदाखला मागायला आलेल्या बाईला कुडाच्या घराची थकबाकी दाखवतात. तीही मुकाट्याने परत फिरते. घरात काय आहे याचा हिशेब सरकारला द्यायची सवय आपल्याकडे जुनी आहे ना.

तिकडे इंग्लंडात पंतप्रधान पिटने लढाईच्या खर्चासाठी १७९० च्या दशकात शेतातले घोडे, कुत्रे, सगळ्यांवर कर बसवला. १७९७ मध्ये घड्याळावरही. घड्याळवाल्यांनी बोंब ठोकली आणि वर्षाच्या आत तो कर गेला.

आपल्या मुंबई इलाख्यात मोहतर्फा होता. म्हणजे कारागीर, दुकानदार यांच्या धंद्यावरची पट्टी. १८४४ च्या कायद्याने ती गेली. पण सुटका कुठली? १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावरचा कर पक्का केला. मग १८९२ ला आला मोहाचा कायदा, तोही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. डहाणू तेव्हा ठाण्यातच. सरकारचं दारूचं उत्पन्न बुडू नये म्हणून मोहाची फुलं बाळगण्यावर बंधन! अहो, ती फुलं म्हणजे नुसती दारू नव्हे. कणगी रिकामी झाली की आदिवासी घरात तीच शिजायची. जंगलातून वेचून आणलेलं अन्न घरात ठेवायचं, तर त्यालाही सरकारची मर्जी.

पुढे स्वातंत्र्य आलं, १९९६ चा पेसा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला. मोहफुलांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले कधी? २०२१ मध्ये. घड्याळवाल्यांची ओरड लंडनला लगेच ऐकू गेली, एवढाच फरक.

आता कोणी म्हणेल, पंचायतीने पैसा आणायचा कुठून? बरोबर आहे. पाण्याच्या पंपाचं बिल, रस्त्यावरचे दिवे फुकट चालत नाहीत. घरपट्टी द्यायलाच हवी. पण १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात वसुलीचा रस्ता दिलाय: बिल द्या, मागणीची नोटीस द्या, मग जप्ती. तो रस्ता वापरायचा तर कागद करावे लागतात, सह्या कराव्या लागतात, उद्या उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा दाखला अडवणं सोपं. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, त्यात घरपट्टीचा संबंध येतोच कुठे? बापाने पट्टी थकवली म्हणून पोर जन्मलंच नाही का?

आणि अडतं कोण, तेही बघा. बंगलेवाल्याचा दाखला कधी अडलेला ऐकलाय?

दाखला अडवला तर भांडू नका. अर्जाची पोच घ्या आणि नकार लेखी मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं, त्याला वकील लागत नाही. लेखी नकार मिळाला तर त्याचा फोटो मला पाठवा, तुमचं नाव झाकून इथेच टाकतो.