झेंडा आणि तो उभारणारे हात

संकटकाळी राष्ट्राला गाण्याची गरज भासते. अमेरिकेत ती गरज ‘कंट्री’ या ग्रामीण संगीताने वेळोवेळी भागवली. ली ग्रीनवुड यांचे १९८४ मधील ‘गॉड ब्लेस द यूएसए’ हे गीत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर पुन्हा देशभर गुंजले. शोकाकुल माणसांना धीर देणाऱ्या या सामर्थ्याविषयी आम्हांला आदरच आहे.

तथापि, इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही दुसरे एक गीत अधिक मोलाचे मानतो. २३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा बेटावर अमेरिकेचा झेंडा उभारणाऱ्या सैनिकांत पिमा या आदिवासी जमातीचे आयरा हेज होते. त्या छायाचित्राने देशाचा ऊर भरून आला. पण या जमातीच्या शेतीचे पाणी गोऱ्या वसाहतकारांनी पूर्वीच वळवून नेले होते. १९५५ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी, व्यसनाने खचलेल्या हेज यांचा अंत झाला. १९६४ मध्ये जॉनी कॅश यांनी त्यांची व्यथा गायली. ते गीत वाजवण्यास रेडिओ केंद्रे कचरली, तेव्हा ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन कॅश यांनी त्यांना जाब विचारला.

पाणी नाकारले जाणे म्हणजे काय, हे चवदार तळ्याच्या वारसांना सांगावे लागत नाही. आमच्या विद्यार्थ्यांनी झेंड्याला अभिमानाने वंदन करावे, देशभक्तीची गीते खड्या आवाजात गावीत. मात्र झेंडा उभारणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, हेही विचारावे. बंधुतेवाचून राष्ट्र उभे राहत नाही, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.